मुठीची कणगी

मित्रांनो, तुमच्या घरी तांदूळ स्टीलच्या डब्यात नाहीतर निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवत असतील. आमच्या मोखाड्याच्या डोंगरात एके काळी तो मान माझ्या कुळीचा होता. मी कणगी. बांबूच्या कांबींची विणलेली, पोटाशी फुगीर, गळ्याशी जराशी अरुंद, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. भात भरायच्या मोठ्या कणग्यांत पोरं लपून बसत. माझ्यात मांजर बसलं तरी पुष्कळ, कारण मी मोठ्या माणसाच्या जेमतेम कमरेला लागते. तरी मला कमी लेखू नका. बाकीच्या कणग्या एकेका घराच्या असतात. मी सहा-सात घरांची होते, आणि त्या घरांची गुपितं माझ्या पोटात होती.

माझा जन्म पोशेऱ्याच्या एका पाड्यावर झाला. मला विणणारा फागू हा फार हट्टी माणूस. अंधाऱ्या पंधरवड्याशिवाय तो बांबूला कोयता लावत नसे. चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, असं तो म्हणे, आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ घरी पाठवी. माझं गिऱ्हाईक होता जिवा. खोडाळ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावरचा शेतकरी. त्याच्या पडवीत दर रविवारी ख्रिस्ती माणसांची छोटी संगती बसायची. गाणी म्हणायची, पवित्र शास्त्र वाचायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची, एवढाच त्यांचा पसारा. त्यांना ना देऊळ, ना चर्चची इमारत, ना पगारी पाळक.

फागू त्यांच्यातला नव्हता. मला खांद्यावर घेऊन तो जिवाच्या अंगणात आला तेव्हा कोणीतरी त्याला चिडवलं, की तू हिरवा देवाला, वाघदेवाला मानणारा, आणि यांच्या प्रार्थनेची कणगी कशी विणलीस?

फागू म्हणाला, "कणगीला कसला आलाय धरम? भात घाल, भात ठेवल. नागली घाल, नागली ठेवल." आणि माझ्या पाठीवर थाप मारून तो चहा प्यायला बसला. ती थाप मला आवडली होती.

जिवाने मला पडवीत नाही ठेवलं. आतल्या बाजूला, कारवीच्या कुडामागे, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन दगडांवर बसवलं. मी मनात खट्टू झाले. नवी कोरी कणगी, आणि कोणाला दिसायचीही नाही! पण का ते पहिल्याच रविवारी समजलं.

संगतीतल्या बायकांनी एक रीत धरली होती. चुलीवर भात टाकण्याआधी त्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि मडक्यात साठवायची. रविवारी ती पिशवीत घालून आणायची. प्रार्थना झाली की एकेकाने पिशवी घेऊन कुडामागे यायचं. ज्याच्याकडे असेल त्याने माझ्यात ओतायचं, ज्याच्याकडे नसेल त्याने करवंटीने काढून न्यायचं. येताना प्रत्येकाच्या हातात पिशवी, जाताना प्रत्येकाच्या पदराखाली पिशवी. कोण देऊन गेला आणि कोण घेऊन गेला, हे बाहेर बसलेल्यांना कळायचा काही मार्गच नव्हता.

जिवाने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "कुडामागं कोन काय करतो तां बघाचा नाय. या हाताचा त्या हाताला कळाया नको." कोणी आत असलं की तो मुद्दाम मोठ्याने गाणं धरायचा. त्याचा सूर भयंकर होता, पण करवंटीचा आवाज त्यात बुडून जायचा.

दिवाळीनंतर खळी झाली की मी गळ्यापर्यंत भरायचे. आषाढ-श्रावणात घरोघरचा दाणा संपत यायचा आणि मीही खाली जायचे. मग तळाशी पोचायला हात खांद्यापर्यंत आत घालावा लागे. एकदा संगतीतल्या मालूने, तिच्याकडे तांदूळ नव्हता म्हणून, भाबडेपणाने तांदळावर नागली, म्हणजे नाचणी, ओतली. त्या आठवड्यात पाड्यावर घरोघरी सुपं वाजत होती आणि कशाला पाखडतेस असं कोणी कोणाला विचारायची सोय नव्हती.

मला चेहरे दिसत नसत. मी माणसं हातांवरून ओळखायचे. त्यातला एक हात कोंडीचा. विळ्याने कापून तिची करंगळी वाकडी झाली होती. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी लग्न होऊन जव्हारकडे दिलेली. थंडीत तो हात माझ्यात सढळपणे ओतायचा आणि पावसाळ्यात जपून काढायचा. काढून झालं की वरचा तांदूळ ती तळव्याने सारखा करायची, जसा लेकराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा. मला ती सगळ्यांत जवळची वाटायची, हे मी लपवत नाही.

कोंडीचा भाऊ सुकऱ्या त्याच पाड्यावर राहायचा. तो जुन्या देवांचा. बहीण संगतीत गेली तेव्हा पाड्यावर कुजबूज झाली, पण भावाबहिणीत अंतर पडलं नाही. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, सुकऱ्याच्या घरी देवाला कोंबडा कापत. देवाला दाखवलेलं कोंडी खायची नाही. म्हणून सुकऱ्या आधीच एक कोंबडा वेगळा कापून ठेवायचा आणि निरोप पाठवायचा, "हा देवाला दावला नाय. खा." नाताळाला तो तिच्या दारात पहिला जेवायला हजर. दोघांच्या देवांची गाठ पडत नव्हती, पण दोघांची ताटं बरोबर मांडली जात होती.

पुढे दिवस बदलले. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी माणसं वीटभट्टीवर जायची, भिवंडीकडे नाहीतर वसईकडे. रविवारी पडवीत दोन-चार म्हातारी आणि एक तान्हं मूल उरे. पण संगती मोडली नाही. भट्टीवरच्या बायका तिथल्या झोपडीतही मूठ काढत आणि परत आल्या की ती गाठोड्यात बांधून माझ्याकडे आणत. विटांची लाल धूळ लागलेला तो तांदूळ मला फार मोलाचा वाटे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून संगतीने ढोल बंद केला आणि टाळ्यांवर गाणी म्हणायला सुरुवात केली. काही तरुण शहरातल्या मोठ्या सभांना जाऊ लागले. तिथे रंगीत दिवे असतात म्हणे. तेही चालवून घेतलं. वाऱ्याप्रमाणे वाकावं लागतं, हे बांबूला कोणी शिकवायला नको.

मग सगळं जगच घरात बसलं तो रोगाचा काळ आला. जिवा त्याच काळात गेला. त्याच्या मागे संगती त्याचा मुलगा दिपेश बघू लागला. दिपेश जव्हारला एका कचेरीत कारकून आहे, शिकलेला आणि कष्टाळू. त्याने मोबाईलवर संगतीचा ग्रुप काढला. पाड्यावर नेटवर्क नाही, म्हणून माणसं वरच्या माळावर जाऊन प्रार्थना ऐकत. भट्टीवर अडकलेली माणसं तिकडून आमेन म्हणत. त्या यंत्राने आमची माणसं तुटू दिली नाहीत, हे मी मान्य करते. त्याच्यावर माझा राग नाही.

पण हळूहळू मूठ कमी झाली. चार माणसं चार ठिकाणी जेवू लागली, तर मूठ कोणत्या चुलीवरून काढायची? दिपेशच्या ओळखीच्या शहरातल्या भल्या माणसांनी मग तयार धान्याच्या पिशव्या पाठवायला सुरुवात केली. तांदूळ, डाळ, तेल, साखर, सगळं एका जाड प्लॅस्टिकमध्ये. दिपेशने ग्रुपवर लिहिलं, ज्यांना गरज असेल त्यांनी आपलं नाव कळवावं. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. पण रिकामी पिशवी घेऊन कुडामागे जायची वेळ त्याच्यावर आयुष्यात आली नव्हती. जिवा मोठ्याने का गायचा, ते त्याने कधी विचारलंच नव्हतं.

ग्रुपवर एकही नाव आलं नाही. मला कोणी विचारलं असतं, तर येणार नाही हे मी आधीच सांगितलं असतं.

त्या वर्षी ज्येष्ठापासून कोंडीची आबाळ होती. रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उठत नव्हता. माती उपसून, भात लावून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. माझ्या तळाशी ओंजळभर तांदूळ होता, तो ती घेऊन गेली होती. दिपेशची बायको ममता हिच्या ते लक्षात आलं, कारण कोंडी हल्ली भिंतीला धरून उठायची. ममताने कळवळून नवऱ्याला सांगितलं आणि दिपेशने रविवारची प्रार्थना झाल्यावर कोंडीला थांबवून घेतलं.

"आत्या, ही पिशवी तुमची. जरा इथे उभ्या राहा, भिंतीपाशी."

"ठेव ना. मी नेन मंग."

"एकच फोटो. पाठवणाऱ्यांना दाखवावा लागतो, कोणाला दिलं ते."

"मना कशाला उभी करतंस, दिपेश? मी काय नवरी हाय?"

सगळे हसले. तीही हसली. कुडाच्या फटीतून मला थोडं दिसत होतं. पिशवी तिच्या हातात जड झाली होती आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. वर भिंतीवर क्रूस. दिपेश म्हणाला, थोडं इकडे बघा. तिने बघितलं.

तो फोटो ग्रुपवर गेला. ग्रुपमधून भट्टीवरच्या कोणाच्या फोनवर, तिथून तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. कोणीतरी त्यावर लिहिलं, 'तांदळासाठी देव सोडला.' आणि तो फिरून खोडाळ्याच्या बाजारात आला. सुकऱ्याचा मुलगा भावेश तिथे टपरीवर उभा होता. लोकांनी आधी त्याला दाखवला, मग सुकऱ्याला. कोणी म्हणालं, तुझ्या बहिणीचा भाव काय लागला रे? मित्रांनो, ज्या बाईने वीस-बावीस पावसाळे आमच्याबरोबर काढले, देव धरला तेव्हा जिच्या घरी धान्य होतं, तिच्याबद्दल हे बोललं गेलं. ऐकून माझ्या कांबी करकरल्या.

सुकऱ्या त्याच संध्याकाळी जिवाच्या घरी आला. कोंडी ममताजवळ ओट्यावर बसली होती. एरवी अंगणातून हाक मारणारा सुकऱ्या थेट पडवीत चढला. मला वाटलं, तो देवावरून भांडेल. देवाचा त्याने शब्दही काढला नाही.

"माझ्या घरात भात होता," तो म्हणाला. "तुना ठावा होता माझ्या घरात भात हाय."

कोंडी भिंतीला धरून उठली.

"लोकांपुढं पिशवी धरून उभी राहिलीस. भावाच्या दारात येयाला तुना लाज वाटली?"

"तुझी पोरां खात होती," कोंडी हळूच म्हणाली. "त्यांच्या ताटातला कसा मागू?"

"मंग मी कोन तुझा?" सुकऱ्या ओरडला. "मेलेला हाय मी?" आणि तो तसाच निघून गेला. कोंडी त्याच्या मागे दोन पावलं गेली आणि ओट्याच्या कडेला थांबली. तिला खाली उतरवेना.

तिने ती प्लॅस्टिकची पिशवी न फोडता दिपेशच्या दारात आणून ठेवली आणि संगतीत येणं बंद केलं. सुकऱ्याच्या दाराकडे बघणंही बंद केलं. ममता डाळ-भात घेऊन जायची, तर कोंडी म्हणायची, आताच जेवले. चूल मात्र थंड असायची. ममता घरी येऊन रडायची.

दिपेशला चूक कळली. त्याने फोटो काढून टाकला, पण वारूळ फुटल्यावर मुंग्या परत कशा भरणार? तरी त्याने मनापासून धडपड केली. सुकऱ्याच्या घरी जाऊन पाया पडला. वडिलांची रीत पहिल्यापासून सांगितली. शहराकडून येणाऱ्या पिशव्यांना फोटोची अट असेल तर त्या नकोत, असं कळवलं. मग श्रावणात त्याने मला कुडामागून बाहेर काढलं, ऊन दाखवलं. ममताने मला नवी शेणमाती लावली. रविवारी दिपेश उठून म्हणाला, "उद्यापासून पुन्हा मूठ काढायची. फोन बाहेर ठेवायचे आणि सगळ्यांनी पूर्वीसारखं कुडामागे जायचं." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, मोडलेलं सांधलं जाईल.

सगळे पिशव्या घेऊन आले. एकेक जण कुडामागे आला आणि प्रत्येकाने ओतलं. दुसऱ्या रविवारी ओतलं. तिसऱ्या रविवारीही ओतलं. काढलं कोणीच नाही. मालूच्या घरी सांजेला नुसती पेज शिजत होती, तरी तिनेही वाटीभर ओतलंच. घेणारीला कोणी ओळखलं तर, ही भीती आता प्रत्येकीच्या पोटात होती. पूर्वी या महिन्यात मी तळाला गेलेली असायचे. या वर्षी श्रावण-भादव्यात मी गळ्यापर्यंत भरले. भुकेल्या माणसांच्या मुठींनी भरले. दिपेश झाकण उघडून बघायचा आणि आनंद मानायचा. ममता झाकण लावून टाकायची.

भादव्यातल्या एका दुपारी सुकऱ्या आला. दिपेश कचेरीत गेलेला, घरात ममता एकटी. सुकऱ्याच्या खांद्यावर पोतडी होती.

"ती कणगी कुठं हाय तुमची?" त्याने विचारलं.

ममताने कुडाकडे बोट दाखवलं आणि ती पाठ फिरवून चुलीशी बसली. तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिने एक गाणं गुणगुणायला सुरुवात केली. सुकऱ्याने माझं झाकण काढलं. आधीच भरलेली बघून तो चपापला. मग त्याने माझ्यातला वरचा तांदूळ उपसून शेजारच्या रिकाम्या पोत्यात काढून ठेवला आणि आपला वर ओतला. त्याच्या शेतातला, उखळात कांडलेला लालसर तांदूळ.

"वरच ओतलाय," तो जाताना ममताला म्हणाला. "तिच्या हाताला पयला लागल. माझा नाव सांगू नको. माझा म्हनून कळला तर नाय घेयाची."

ममता कोंडीच्या घरी गेली आणि काय काय बोलून तिने तिला रविवारी यायला तयार केलं. कोंडी आली. प्रार्थनेत ती मागे बसली. सगळ्यांची ये-जा झाल्यावर, शेवटी, ती कुडामागे आली. मी गळ्यापर्यंत भरलेली, म्हणून बाकीचे आता आपली मूठ शेजारच्या पोत्यात ओतत होते. तिच्या हातात रिकामी पिशवी होती. माझं झाकण उघडलं आणि तो ओळखीचा हात, वाकड्या करंगळीचा, माझ्या तांदळावर टेकला. किती हलका झाला होता! मी मनात ओरडत होते, घे कोंडी, हा तुझ्या भावाचा आहे, तुझ्यासाठीच ओतलाय. तिने करवंटी उचलली आणि भरली.

तेवढ्यात पडवीत कोणाचा तरी फोन वाजला. बाहेर ठेवायचा राहिलेला. कोणाचा तरी भाऊ भट्टीच्या मुकादमाबद्दल विचारत होता, एवढंच. पण कोंडीचा हात विस्तव लागल्यासारखा मागे गेला. करवंटीतला तांदूळ तिने परत माझ्यात सोडला, वरून सारखा केला आणि झाकण लावलं. पदराखाली रिकामीच पिशवी धरून ती सगळ्यांसमोरून चालत गेली. बाहेरच्यांना वाटलं, घेतलं बाईने. दिपेशने देवाचे आभार मानले.

वाघबारशीला सुकऱ्याने कोंबडा वेगळा कापला. निरोप घेऊन भावेश गेला, तर कोंडीच्या घराला कडी होती. लेक-जावयाच्या टोळीबरोबर ती दिवाळीची वाटही न बघता आदल्या दिवशीच भट्टीच्या ट्रकमध्ये चढली होती. जिने या वयात सावलीत बसून नातवंडं खेळवायची, ती आता कुठेतरी विटा उलथत असेल.

हे कळल्यावर सुकऱ्या पुन्हा माझ्याकडे आला. बहिणीने आपलं थोडं तरी खाल्लं, एवढं त्याला बघायचं होतं. त्याने झाकण काढलं. लालसर तांदूळ गळ्यापर्यंत, जसा ओतला तसा. त्याने आत हात घालून बघितला, कडेने बघितला. मग तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. ममताने चहा आणला, तो त्याने घेतला नाही.

"उपाशी गेली," तो म्हणाला. "मी तिला जेव म्हनाया हवा होता. मी ओरडलो."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत लिहिता. शेवटी ती वस्तू म्हणते, मला टाकू नका, मला जपा. माझं तसं काही मागणं नाही. मला भुंगा लागला तर जाळून टाका, राख भांडी घासायला होईल. दिवस बदलतील, तुमची यंत्रं बदलतील, प्रार्थना कोणी माळावर करेल कोणी मोबाईलवर, त्यालाही माझी हरकत नाही. फक्त कोणाला दोन घास द्याल तेव्हा त्या माणसाचं तोंड चारचौघांना दाखवू नका. आणि आपलं माणूस उपाशी होतं असं कळलं, तर का नाही सांगितलंस हे दुसऱ्या दिवशी विचारा. त्या दिवशी आधी पान वाढा.

सुकऱ्याचा तांदूळ अजून माझ्यात वरच आहे. त्याला आता टोके लागले आहेत. ममता अधूनमधून तो उन्हात पसरते, पाखडते आणि परत माझ्यात भरते.